मोमीन सरांचं ‘सांगता येत नाही’

पुस्तक उघडायच्या आधी मोमीन सर हात धुवायचे. साबण लावून, मनगटापर्यंत, आणि मग रुमालाला न पुसता दोन्ही हात समोर धरून ते वाळेपर्यंत उभे राहायचे. सर नमाजाला निघालेत की काय, असं नव्या माणसाला वाटायचं. पुस्तक मात्र धर्माचं नव्हतं. बंदुका, पिस्तुलं, काडतुसं आणि त्यांतून सुटणाऱ्या गोळ्या यांचं शास्त्र सांगणारा तो एक जुना इंग्रजी संदर्भग्रंथ होता. विभागात त्याचं नाव कुणी घेत नसे. ‘जाड पुस्तक’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

पुस्तक सरकारी होतं. आत आमच्या प्रयोगशाळेचा गोल शिक्का होता. पण त्याला घातलेलं कापडी वेष्टन सरांचं होतं, निळ्या चौकटींच्या लुंगीच्या कापडाचं. सरांचे वडील मालेगावात यंत्रमागावर कामाला होते आणि ते कापड त्यांच्या हातचं होतं. वेष्टन विटलं की सर ते घरी नेऊन धुऊन आणत. ते वाळेपर्यंतच्या दिवसात पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलेलं असे.

मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा बंदूक फक्त पोलिसांच्या खांद्यावर पाहिली होती. मी सिन्नरची. वडील औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामगार, आई शेतावर मजुरीला जायची. घराण्यात पदवी मिळवलेली मी पहिली. परीक्षा देत गेले, निवड झाली आणि नाशिकच्या या सरकारी प्रयोगशाळेत शस्त्रविभागात येऊन बसले. गुन्ह्यात सापडलेली हत्यारं इथे तपासायला येतात. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, “कुठून आलात?”

“सिन्नरहून, सर.”

“मग आजपासून तुम्ही सिन्नर.”

सर सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारायचे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर ठाण्याचं नाव लिहिलेलं असतं, तीच सवय माणसांनाही लागली होती. माझ्याआधी आलेला सहकारी होता ओझर. त्याचे वडील तिथल्या विमान कारखान्यात होते. चहा आणणारा माणूस मनमाड. महिन्याभरात ‘तुम्ही सिन्नर’चं ‘ए सिन्नर’ झालं, तेव्हा आपली इथली नोकरी पक्की झाली असं मला वाटलं.

ओझर संगणकावर तयार होता. जगभरातल्या हत्यारांची माहिती असलेली एक प्रणाली आमच्याकडे आली होती, ती तोच बघायचा. तो सरांना मुद्दाम डिवचायचा, “सर, तुमचं पुस्तक आणि माझी आजी एकाच वर्षी जन्मली असणार.”

“असेल. मग आजीला विचारल्याशिवाय तुमच्या घरात लग्न ठरतं का?”

“विचारतो की. पण ती बोलते ते निम्मं कळत नाही.”

“तोंडात दात नाहीत म्हणून. अक्कल दातात नसते, ओझर.”

माझी अडचण वेगळी होती. मराठी शाळेत शिकलेली मी. कॉलेजात इंग्रजी पाठ करून पार पडले होते. या पुस्तकातलं एकेक वाक्य पानभर चालायचं आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असायची. सरांच्या हे लक्षात आलं असावं. एके दिवशी डबा खाऊन झाल्यावर ते हात धुऊन आले आणि म्हणाले, “चल, हात धू. रोज एक पान.”

त्या दिवशी नळीच्या आतल्या चरांवरचं प्रकरण निघालं. पिस्तुलाच्या नळीत मळसूत्रासारखे चर पाडलेले असतात, त्यांच्यामुळे गोळी फिरत बाहेर पडते. चर उजवीकडे वळतात की डावीकडे, यावरून पुढचं पुष्कळ काही ओळखता येतं. मी दोनदा वाचलं, डोक्यात शिरलं नाही. सरांनी टेबल पुसायच्या फडक्यातला एक धागा ओढला आणि माझ्या बोटांत दिला.

“पीळ सोडव.”

मी उलटा फिरवला. धागा आणखी घट्ट झाला.

“आता दुसऱ्या बाजूने.” धागा सुटला. “बस, एवढंच आहे. सुताला उजवा पीळ असतो नाहीतर डावा. लोखंडाला पण. माझे वालिद चौथीची शाळासुद्धा नीट शिकले नव्हते, पण धागा बोटावर घेतला की पीळ सांगायचे. आता ते वाक्य परत वाच.”

परत वाचलं आणि कळलं. इंग्रजी वाक्य मुळापासून कळलं, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्यानंतर किती दिवस आम्ही तसं वाचत होतो कोण जाणे. आज मी साक्षीला उभी राहते, समोरचा वकील इंग्रजीत झोडपतो आणि मी उत्तर देते, ते त्या डब्यानंतरच्या पानांच्या जोरावर.

वाचताना सर एक गोष्ट नेहमी दाखवत. लेखकाने एखाद्या हत्याराचं माप दिलं, चाचणी दिली, आकृती दिली, की शेवटी कुठेतरी एक बारीक वाक्य असायचं. याहून अधिक ठरवता आलं नाही, अशा अर्थाचं. सर त्या वाक्यावर बोट ठेवत. “या माणसाने जन्मभर बंदुका मोजल्या. त्याला कुणी विचारणारं नव्हतं. ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. पण बघ, लिहिलंय, नाही कळलं. म्हणून बाकीच्या पानांवर माझा भरवसा.”

पुस्तक निकाली काढायची वेळही एकदा आली होती. वरून एक अधिकारी ग्रंथालयाची तपासणी करायला आले. नवं सगळं संगणकावर आहे, जुन्या फाटक्या पुस्तकांनी जागा अडते, असं त्यांचं म्हणणं. बाजूला काढलेल्या ढिगात जाड पुस्तकही होतं. त्याच सुमाराला गोदावरीच्या पात्रातला गाळ काढताना एक रिव्हॉल्व्हर सापडलं होतं. गंजून पार लाकडाच्या ढलपीसारखं झालेलं. ओझरने त्याचे फोटो प्रणालीत घालून पाहिले, काही जुळेना. सरांनी ढिगातून पुस्तक उचललं, हात धुतले आणि खुर्ची ओढून बसले. गंज उतरवलेल्या जागी अर्धवट ठसा दिसत होता, एक मुकुट आणि खाली अक्षराची शेपटी. दुसऱ्या दिवशी दुपारी सर लहान मुलासारखे ओरडले, “मिळालं!” ठशांच्या तक्त्यात तोच मुकुट होता. कारखाना, देश, साधारण काळ, सगळं कळलं.

अधिकारी म्हणाले, “मोमीनसाहेब, या हत्याराचा गुन्हा नाही, आरोपी नाही. कळून उपयोग काय?”

“काही नाही साहेब. बेवारस होतं, नाव मिळालं.”

अधिकाऱ्यांना हसू आलं. जाताना त्यांनी पुस्तक ढिगातून वगळायला सांगितलं.

असे सर. मऊ आवाजाचे, सगळं सावकाश करणारे. सिनेमात नायक गोळ्या झाडायला लागला की काडतुसं मोजून हसणारे. त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं.

पेठच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका ठाण्याचे भोये हवालदार मुद्देमाल घेऊन यायचे. वयस्कर, अतिशय भिडस्त माणूस. एस.टी.ने यायचे, साहेबांसाठी म्हणून कधी करवंदं, कधी आंब्याच्या कैऱ्या पिशवीत असायच्या. पावसाळ्याचे दिवस होते. भोयेंनी एका बंदुकीचं पुडकं आणलं ते चिखलाने लडबडलेलं. वरचं कापड भिजून सुटलेलं, लाखेचं सील तुटलेलं. सर आत पाण्याची बाटली भरायला गेले होते. भोयेंनी पुडकं टेबलावर ठेवलं. टेबलावर जाड पुस्तक उघडं होतं. ओल्या मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पानावर पडलं. घाईघाईने पुसायला गेले तसं ते पानभर फासलं गेलं.

सर बाहेर आले, पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. “भोये, काय आहे हे? शेतातून उचललं आणि इथे आणून टाकलं? असं घाणेरडं सामान आणतात? माणसांची कामं आहेत ही, जनावरांची नाहीत!”

 भोये “चुकलं साहेब, चुकलं” म्हणत पावती घेऊन गेले. थोड्या वेळाने सर त्यांना शोधायला खाली गेले. भोये बसला निघून गेले होते. सरांनी ते पान कापसाने टिपून टिपून साफ केलं, पण तांबूस डाग राहिलाच.  घरी निघताना मला म्हणाले, “कागद होता गं. कागदासाठी माणसाला बोललो.”

पुढच्या वर्षी भात कापणीला आलं होतं, तेव्हा भोये पुन्हा आले. या वेळी पुडकं कसं, नवं पांढरं कापड, चारी बाजूंनी नीट शिवलेलं, सील जागच्या जागी. भोयेंचा चेहरा फुलला होता. “साहेब, या टायमाला बघा तुमी.”

आत ठासणीची बंदूक होती. तिकडे रानडुकरांपासून भात राखायला शेतकऱ्यांकडे परवान्याच्या असतात तशी. नळी चकाकत होती. दस्त्याला तेलाचा हात होता. सरांनी बोटाने घोडा मागे ओढला, तो लोण्यासारखा सरकला. सरांनी हात मागे घेतला.

“भोये, घोड्याची कळ खोलली होती?”

“खोलली ना साहेब. सील करायच्या आधीच. रॉकेलात बुडवून ठेवली. लय माती, लय गंज. मंग तारेच्या बुरशानं घासली, शिवणयंत्राचं तेल दिलं. मागल्या टायमासारखं नाय केलं.”

“माती कुठे होती? या खाचेत होती का?” सरांनी कळीतल्या एका बारीक खाचेवर सुई ठेवली.

भोये वाकून बघत राहिले. “माती व्हती साहेब. कोनत्या खाचंत, ते काय ध्यान नाय दिलं.”

त्या खाचेवर एका माणसाचं सगळं अडकलं होतं. सोबतच्या कागदांतून हकिगत कळली ती अशी. काशिनाथ आणि लक्ष्मण, दोघे सख्खे भाऊ. दिवस मावळताना डुकरं राखायला शेतावर निघाले. थोरला लक्ष्मण पुढे, काशिनाथ बंदूक घेऊन मागे. बांधावर काशिनाथचा पाय घसरला, तो पडला आणि बार उडाला. छर्रे लक्ष्मणच्या पाठीत. तो जागीच गेला. त्याच दिवशी सकाळी दोघांचं बैलांवरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं. त्यामुळे खुनाचा गुन्हा लागला. काशिनाथचं म्हणणं, घोडा अर्ध्यावर चढवलेला होता, मी चाप दाबल्याचं मला आठवत नाही.

अशा बंदुकीचा घोडा अर्ध्यावर ठेवला की एक दात त्या खाचेत अडकतो आणि चाप दाबल्याशिवाय घोडा पडत नाही. पण खाच झिजलेली किंवा माती-गंजाने भरलेली असली तर दात नीट बसत नाही, धक्क्याने सुटतो, आणि बंदूक आपोआप उडते. हे सगळं जाड पुस्तकात एका वेगळ्या प्रकरणात आहे. त्या प्रकरणाची पहिली सूचनाच अशी की हत्यार जसं आलं तसं तपासा, तपासण्याआधी पुसूसुद्धा नका. आमच्या भोयेंनी सरांचा मान राखायला ती बंदूक आरशासारखी केली होती.

सरांनी सगळ्या चाचण्या केल्या. दारू न भरता नुसती ठिणगी पाडणारी टोपी लावून घोडा अर्ध्यावर ठेवला आणि रबरी हातोडीने सगळ्या बाजूंनी ठोकलं. गादीवर टाकून पाहिली. चापाला वजनं टांगली. घोडा एकदाही आपोआप पडला नाही. तेल घातलेली, साफ केलेली कळ ती, कशाला पडेल?

मग आमच्या भांडारात पडून असलेली, निकाल लागलेल्या जुन्या गुन्ह्यातली तशीच एक बंदूक त्यांनी परवानगीने काढून घेतली. तिच्या खाचेत चिखल भरला, तो सुकू दिला, गंज चढू दिला आणि ठोकून पाहिलं. घोडा कधी पडायचा, कधी नाही. कशावर अवलंबून आहे तेच कळेना. आणि काशिनाथच्या बंदुकीत चिखल आधीपासून होता की पडल्यावर बांधावरचा शिरला, हेही कोण सांगणार?

अहवाल लिहायची वेळ आली. ओझर म्हणाला, “सर, आपल्याला विचारलंय काय? बंदूक चालू स्थितीत आहे का आणि आपोआप उडते का. चालू आहे, उडत नाही. एवढं लिहिलं तर खोटं काहीच नाही.”

“खोटं नाही,” सर म्हणाले. “पण त्यावर माणूस आत जाईल.”

त्यांनी पुढची वाक्यं लिहिली. बंदूक येण्यापूर्वी उघडून साफ केलेली असल्यामुळे घटनेच्या वेळी ती चापाशिवाय उडू शकली असती की नाही, हे सांगता येत नाही.

कोर्टात मी त्यांच्याबरोबर गेले होते. सरकारी वकील चिडलेले होते. आरोपीचे वकील खुश होते, पण त्यांनाही पूर्ण घास हवा होता.

“म्हणजे बंदूक आपोआप उडाली असू शकते?”

“असू शकते.”

“मग तसं स्पष्ट सांगा ना, की आपोआप उडाली.”

“असू शकते, एवढंच सांगता येतं.”

सरकारी वकिलांनी सरांच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. “हे फार जुनं पुस्तक आहे, नाही का? आज कुणी वापरतं?”

“बंदूक त्याहून जुन्या पद्धतीची आहे, साहेब.”

मागे कुणीतरी हसलं. मग वकिलांनी भोयेंवर रोख धरला, हवालदाराने पुरावा मुद्दाम नष्ट केला असं सुचवलं. भोये भिंतीला टेकून उभे होते, हात जोडलेले. सर म्हणाले, “मुद्दाम नाही. आदल्या वर्षी मी त्यांना सगळ्यांसमोर बोललो होतो, घाण सामान आणलं म्हणून. त्या बोलण्यामुळे त्यांनी साफ केली. जबाबदारी माझीही आहे.” न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं तेवढंच सांगा, असं शांतपणे सुचवलं.

काशिनाथ सुटला. संशयाचा फायदा मिळाला. आम्ही खाली उतरत होतो तेव्हा तो जिन्याशी उभा होता. तिशीतला, काटक, पायात कुणाच्यातरी मोठ्या चपला. सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला धरलं.

“साहेब, सोडलं मला. पन मी केलं का नाय केलं, ते कुनीच नाय सांगितलं.”

“तुला काय वाटतं?”

“सकाळी लय राग व्हता दादाचा. संध्याकाळी नव्हता. बोट कुठं व्हतं, मला याद नाय. वहिनी म्हनती, मोठ्या साहेबाकडून समजून ये. बंदुकीनं केलं आसंल तर घरात ये, तू केलं आसंल तर तोंड नको दाखवू. तुमी सांगा. तुमी बंदुकीचे जानकार.”

सर पायरीवर बसले. भर कोर्टाच्या जिन्यावर. त्यांनी त्याला खाच म्हणजे काय, दात म्हणजे काय, सगळं हाताच्या बोटांनी दाखवून सांगितलं. माझ्या रागापायी ती खाच पुसली गेली, हेही सांगितलं. काशिनाथ मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मंग?”

“सांगता येत नाही, काशिनाथ.”

त्या वर्षीचं भात निघाल्यावर तो प्रयोगशाळेच्या फाटकाशी आला. पिशवीत नागली, म्हणजे नाचणी, होती. त्यानंतर दर वर्षी येत राहिला. सर निवृत्त झाल्यावर नाशिकमधल्याच वडाळ्यात त्यांच्या घरी जाऊ लागला. प्रश्न एकच, उत्तरही एकच. मी एकदा सरांना म्हटलं, “सर, कोर्ट संपलं, आता कुणाचं काय जातंय? बंदुकीनेच झालं म्हणून सांगून टाका. त्याचं घर मिळेल त्याला.”

सर म्हणाले, “मला रोज वाटतं, सिन्नर. आजच सांगावं. पण मग कधीतरी अर्ध्या रात्री तो उठून बसेल आणि त्याला वाटेल, साहेबाला दया आली म्हणून बोलला. मग त्याच्याकडे काहीच उरणार नाही. आत्ता निदान एक माणूस आहे, जो त्याच्याशी खोटं बोलत नाही.”

“आणि वहिनी?”

“तिच्याकडे मला जायला हवं.”

आम्ही गेलो. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने पेठ, तिथून जीप, मग पायी. सरांना तेव्हाच धाप लागत होती. काशिनाथ रस्त्यावर घ्यायला आला, पण घराच्या कुडाच्या कुंपणाशी येऊन थांबला. वहिनी अंगणात सुपाने नागली पाखडत होती. बसा म्हणाली नाही. सर उभ्यानेच बोलले. मी त्या बंदुकीचा तपास केला, तुमच्या दिराने चाप दाबला की नाही ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही याला मीही कारण आहे.

सूप थांबलं. “इतक्या लांबून ‘माहीत नाय’ सांगाया आले?”

“हो, बाई.”

“माझा माणूस गेला. मी कुनावर राग धरू?”

 सर खाली मान घालून उभे राहिले.  मग ती उठली, आतून तांब्या आणला, सरांना पाणी दिलं, मला दिलं. कुडापलीकडे काशिनाथ उन्हात उभा होता. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. आम्ही निघालो तेव्हा मागून सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीला न्यावं लागे आणि तेही आता झेपत नव्हतं. दुपारी कार्यालयातून मी गेले. सरांच्या पत्नीने, आमच्या भाभींनी, दार उघडलं, त्यांचे डोळे सुजलेले. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. सर खाटेवर उशीला टेकून होते, चेहरा पिवळा, हात मात्र तसेच स्वच्छ. खाटेशी खाली फरशीवर काशिनाथ बसला होता. खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता.

“ये सिन्नर,” सर म्हणाले. आवाज खोल गेला होता. “हा बघ, वेळेवर आला.”

काशिनाथच्या मांडीवर पिशवी होती. “साहेब, या टायमाला नागली वहिनीनं भरली. त्या साहेबाला दे म्हनाली.”

“घरात घेते का तुला?”

“घरात नाय. अंगनात बसू देती. पोरं बोलत्यात.”

सरांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. काशिनाथने दर वर्षीसारखंच हळू आवाजात विचारलं, “साहेब, काय कळलं का?”

 आता सांगतील, मला वाटलं. आता कशाची भीती? दोन शब्द, एक माणूस घरी जाईल. भाभी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनाही तेच वाटत असावं.

सरांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघत राहिले. “नाही रे,” ते म्हणाले. “नाही कळलं.”

काशिनाथने मान हलवली. “मंग पुढच्या साली येऊ?”

भाभी वळून आत निघून गेल्या. सरांनी हात पुढे केला आणि काशिनाथच्या खांद्यावर ठेवला. तेवढ्यानेही त्यांना धाप लागली.

“पुढच्याचं पुढे. मला पुन्हा सांग. पहिल्यापासून. बांधावर आलास.”

मला कार्यालयात परत जायचं होतं. मी उठले. सरांनी मला मानेनेच निरोप दिला. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. काशिनाथ सरकून खाटेला चिकटला होता आणि पहिल्यांदाच सांगतोय असं सांगू लागला होता. दादा पुढं व्हता, मी मागं. पाऊस नुकताच उघडला व्हता. मी चपला घालत होते तेव्हा सरांचा आवाज ऐकू आला.

“बंदूक कुठल्या खांद्यावर?”

“डाव्या.”

“दर वेळी डावाच सांगतोस. बरं. मग?”